अकरावा स्क्रू

मंगळवार, १ सप्टेंबर

चि. पिट्टू,

तुझा लॅपटॉप शाबूत आहे. दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी आज दुपारी तो माझ्यासमोर उघडला, पाऊण तास चालवून पाहिला आणि काहीही जळलेलं नाही असं खात्रीने सांगितलं. बोर्ड ठीक, ग्राफिक्स कार्ड ठीक. पंखे तर नव्यासारखे स्वच्छ आहेत म्हणाल्या. घर सोडून गेलीस तेव्हा तो तुझ्या टेबलावरच राहिला होता. वस्तू तुझी, म्हणून बातमी कळवतो आहे.

बिघडला कसा, असं विचारशील. विशेष काही नाही. जुने फोटो बघायला मी तो अधूनमधून उघडतो. परवा उघडला तर कंपनीचं चिन्ह आलं, पडद्यावर रंगीत ठिपके आले आणि मग काळोख. बंद करून चालू केला, पुन्हा तेच. यंत्राचं वय झालं असेल असं धरून चाललो होतो, पण बाई म्हणाल्या, यंत्राला काही झालेलं नाही, कुणीतरी त्याला झेपेल त्यापेक्षा जोरात पळवलं होतं. मी म्हणालो, असेल.

आई बरी आहे. तिचा गुडघा आता जिना उतरताना दुखतो, चढताना नाही, त्यामुळे ती वर गेली की खाली येईपर्यंत मला हाका मारत बसते. लॅबमध्ये काम भरपूर आहे. एका निवृत्त शिक्षकांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. दात बसतात, चावता येतं, पण आरशात हसू आपलं वाटत नाही म्हणतात. आता ह्याचं काय करायचं?

लॅपटॉप हवा असेल तर पाठवतो. नको असेल तर इथे आहेच.

बाबा


शुक्रवार, ४ सप्टेंबर

पिट्टू,

मागच्या पत्रातलं फोटोंचं खोटं होतं. त्या लॅपटॉपमध्ये एकही फोटो नाही, हे माझ्यापेक्षा तुला जास्त चांगलं माहीत. पत्र पेटीत टाकून दोन पावलं चाललो आणि लक्षात आलं. पेटीत हात घालून ते बाहेर निघतं का, हेसुद्धा बघितलं. निघत नाही.

मी त्यावर खेळतो. आग विझवायचा तुझाच खेळ, तुझ्याच संघात. ‘ओलं पोतं’मध्ये तीन महिन्यांपासून दोर धरणारा जो खांब आहे, तो मी आहे.

हे वाक्य लिहून मी उठलो आणि लॅबमध्ये जाऊन दोन साचे घासून आलो. आता पुढचं लिहितो.

तुझ्यावर नजर ठेवायला मी आलो नाही. तू आईला फोन करतेस तेव्हा ती तो स्पीकरवर ठेवते आणि मी दाराबाहेर उभा राहतो. माझी चप्पल वाजली की तू म्हणतेस, ठेवते गं आई. असं सारखं झाल्यावर मी चप्पल काढून उभा राहायला लागलो. मग एकदा तू आईला सांगत होतीस की पोतं अजून चालू आहे, रोज सातला जमतो, पण दोर धरणारा नोकरीला लागला आणि सोडून गेला. लॅपटॉपच्या झाकणावर तुझं ते पोत्याचं चिकटवलेलं चित्र आहेच. नाव शोधायला कष्ट पडले नाहीत. मी नवं खातं उघडलं, अर्ज केला आणि माइक बिघडला आहे असं लिहिलं. तुला माणसाची गरज होती, तू घेतलंस. मी बोलत नाही, नुसता उभा असतो, म्हणून संघातल्या पाणीवाल्याने माझं नाव खांब ठेवलं. मला ते आवडलं, खरं सांगायचं तर.

आईला काही सांगितलं नव्हतं. पण चौथ्या-पाचव्या दिवशी ती चहाचा कप टेबलावर ठेवून म्हणाली, “आधी डोळ्यांचा डॉक्टर झाला, आता अंगठ्याचा शोधा.” म्हणजे तिला कळलं होतं. 

तुला आठवत असेल, सुरुवातीला मी काय दर्जाचा होतो. तू कमरेला दोर बांधून जळत्या इमारतीत शिरायचीस आणि मी दाराशी उभं राहून दोर सोडायचा, दोन हिसके आले की ओढायचा. काम एवढंच. पण धूर दाट झाला की माझ्या पडद्यावरचं चित्र अडखळायचं. तू दिसायचीस, मग नाही, मग एकदम दहा पावलं पुढे. हिसका मला दिसेपर्यंत तू कोसळलेली असायचीस. पाणीवाला म्हणायचा, खांब झोपला. शिडीवाल्याने तर सरळ मागणी केली की खांबाला वखारीत पाठवा. तेव्हा तू म्हणालीस, “माणूस लक्ष देऊन खेळतोय. यंत्र मागे पडतंय. यंत्राचं मी बघते.”

त्यानंतर तू मला सरावाच्या आधी अर्धा अर्धा तास शिकवायला लागलीस. तू बोलायचीस, मी टंकायचो. एक बोट चालतं माझं, तुला ठाऊक आहे. म्हणजे तेव्हा ठाऊक नव्हतं. असो.

ग्राफिक्स कार्ड कारखान्यातून येतं तेव्हा त्याचा वेग मुद्दाम थोडा हातचा राखून ठेवलेला असतो आणि तो राखीव भाग सांभाळून वापरता येतो, हे मी तुझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, एक बटण असेल. तू म्हणालीस, आधी साफसफाई, गरम यंत्राला पळवायचं नाही. म्हणून आधी तळाचं झाकण उघडलं. (उघडताना तू काय विचारलंस आणि मी काय सांगितलं, ते इथे लिहीत नाही. त्याला वेगळं पत्र लागेल.) पंख्यांमधून राखाडी लोकरीसारखा गोळा निघाला. मागची बाजू हवा खेळायला दोन रबरी बुचांवर उचलली. चार्जर लावला. मग आहे त्या वेगात धुराचा सराव चालवायला लावलास आणि तापमान बघायला सांगितलंस.

मग वेग पंचवीस मेगाहर्ट्झने वाढवायचा. पंधरा मिनिटं धुरात ठेवायचा. पुन्हा पंचवीस. व्होल्टेजला हात लावायचा नाही. पंच्याऐंशी अंशांच्या वर काटा गेला की तिथेच थांबायचं. ठिपके किंवा चमकणारे त्रिकोण दिसले की दोन पायऱ्या मागे यायचं. मी टंकलं, दोन का? एक पुरे. तू म्हणालीस, “एक पायरी मागे म्हणजे नुसता काठ. काठावर आज उभं राहता येतं, उन्हाळ्यात नाही.”

कार्डाचा वेग झाल्यावर त्याच्या मेमरीचा वेग, तोही वेगळा. दोन्ही एकदम वाढवायचे नाहीत, नाहीतर चूक कोणाची ते कळत नाही म्हणालीस. मी ते वाक्य हातातल्या पावतीमागे लिहून घेत बसलो. तुला वाटलं लाइन गेली.

शेवटी एका जागी तू म्हणालीस, इथे थांब. तापमान एकोणऐंशी, धूर कितीही दाट असला तरी चित्र सरळ. निम्मं श्रेय साफसफाईचं आहे, उगाच फुगू नकोस, असंही म्हणालीस. आणि एक ताकीद दिलीस. त्या प्रोग्रॅममध्ये ‘सुरू होताना आपोआप लागू करा’ असा एक चौकोन असतो. त्यावर इतक्यात खूण करायची नाही. रोज हाताने वेग लावायचा, म्हणजे काही बिनसलं तर यंत्र बंद करून चालू केलं की ते आपल्या मूळ जागी परत येतं. परतीची वाट ठेवायची.

तुला सायकल मी शिकवली, भागाकार मी शिकवला, पोहायलाही मीच नेलं. त्यातलं काहीही मी इतक्या हळू शिकवलेलं मला आठवत नाही.

हे पत्र वाचून तू मला संघातून काढशील. काढ. पण मी ते न सांगता आणखी एक दिवससुद्धा दोर धरू नये, असं मला वाटलं. वाटलं खरं, आणि तरी आज सातला मी होतोच. तूही होतीस. तुला पत्र मिळालेलं नव्हतं.

बाबा


सोमवार, ७ सप्टेंबर

पिट्टू,

शुक्रवारचं पत्र पुन्हा मनात वाचलं. त्यात मी स्वतःला बराच बरा दाखवला आहे. बाप मुलीकडून शिकतो वगैरे. उरलेलं आज लिहितो.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपण गोदामाची आग विझवली. संपल्यावर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, “आज दोर वेळेवर होता.” बस, एवढंच. मी एकसष्ट वर्षांचा माणूस आहे. लोक माझ्याकडे दात करून घ्यायला दोन-दोन तास प्रवास करून येतात. आणि त्या एका वाक्याने मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शीळ घालत होतो. आईने विचारलं, कोणाचा दात निघाला?

मग मला वाटलं, अजून थोडं. तू ‘इथे थांब’ म्हणाली होतीस त्याच्या पुढे मी मेमरी वाढवली. काही झालं नाही. अजून वाढवली. ठिपके नाहीत, काही नाही. मोठा आकडा बघून बरं वाटायचं. चित्र किंचित जड झालंय असं एक-दोनदा वाटलं, पण आकडा तर वाढलेला, मग चित्र जड कसं होईल? दुकानातल्या बाईंनी नंतर समजावलं. मेमरी मर्यादेबाहेर गेली की चुका करायला लागते, पण लगेच कोलमडत नाही. आतल्या आत त्या चुका पुसून पुन्हा पुन्हा तेच काम करत बसते. वरून सगळं ठीक दिसतं, फक्त संथ होतं. आणि एक दिवस पुसणंही जमत नाही.

त्या चौकोनावरही मी खूण केली. रोज हाताने वेग लावताना चष्मा शोधायचा, आकडे भरायचे, यात मला उशीर व्हायचा आणि तू हजेरी घेताना मी शेवटचा असायचो. तेवढ्यासाठी.

त्याच आठवड्याच्या रविवारी, ३० तारखेला, पात्रता फेरी. तिसरा मजला, तू आत, मी दाराशी. तू दोन हिसके दिलेस. ते मी बघितले. हे मला तुला सांगायचंच आहे, मी बघितले होते. बोट खाली गेलं आणि पडद्यावर हिरवे-जांभळे ठिपके पसरले आणि सगळं काळं झालं. बंद करून चालू केलं, तर त्या खुणेमुळे यंत्र उठतानाच पुन्हा त्याच वेगाने पळायला लागलं आणि पुन्हा पडलं. परतीची वाट मीच बुजवली होती. शिडीवाल्याने तुला बाहेर काढलं, म्हणून आपण जेमतेम शनिवारच्या फेरीत आहोत.

दुसऱ्या दिवशी मी फोनवरून संघाच्या गटात लिहिलं, वीज गेली होती.

पाणीवाल्याने हसण्याचं चित्र टाकलं. तू लिहिलंस, “होतं असं. आमच्या घरीही एकदा सामन्याच्या मध्येच वीज गेली होती.”

पिट्टू, ते वाचताना मी लॅबमध्ये होतो. हातात मेणाचा साचा होता, तो तसाच दाबला गेला.

त्या दिवशी आपल्या घरी वीज गेली नव्हती. काका-काकू आले होते, तू बाहेर येत नव्हतीस आणि मी आत येऊन भिंतीतली पिन उपटली. त्याआधी मी जे काही बोललो ते तुझ्या माइकमधून तुझ्या सगळ्या संघाने ऐकलं, हे मला नंतर आईकडून कळलं. आणि त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असूनही तू त्यांना सांगितलंस की वीज गेली. माझी लाज राखायला. आठवड्याभरात तू पिशवी भरलीस. मी तेव्हा काय समजलो होतो, तर एका खेळासाठी पोरीने घर सोडलं. नातेवाइकांना सांगितलंही तसंच.

आणि आता मी स्वतःची लाज राखायला तोच बहाणा वापरला. तुझाच.

अजून एक आहे. ते सगळ्यात वाईट. मी संघात आल्यावर काही दिवसांनी शिडीवाल्याने तुला विचारलं, तू सुट्टीला घरी का जात नाहीस. तुला वाटत होतं ऐकणारे तिघेही परके आहेत. तू म्हणालीस, “बाबा माझ्याशी बोलतात तेव्हा नेहमी दुसऱ्या कुणाला तरी ऐकवत असतात. मी समोर असते, पण ते माझ्याशी नसतं.”

तिथे मी उठून जायला हवं होतं. कान बंद करायला हवे होते. निदान गप्प तरी बसायला हवं होतं, खांबच होतो मी. पण मी एका बोटाने टंकलं, “असतात असे काही लोक.”

‘मीही तसाच’ एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मी ‘काही लोक’ लिहिलं. जणू दुसरं कुणीतरी.

ही पत्रं मी आईलाही वाचून दाखवत नाही. ऐकणारं दुसरं कुणी असू नये म्हणून.

बाबा


गुरुवार, १० सप्टेंबर

पिट्टू,

आईने काल रात्री, सरावानंतर, तुला फोन केला तेव्हा मी दाराबाहेर नव्हतो, घराबाहेर होतो. परत आल्यावर तिने एवढंच सांगितलं, “पत्रं मिळाली म्हणाली.” मी विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, “बोलायचं असेल ते तोंडाने बोला. आयुष्यभर दुसऱ्यांचे दात केलेत, जीभ तरी स्वतःची वापरा.”

त्याआधी हे एक लिहायचं राहिलं आहे. ते पहिल्या पत्रात पाहिजे होतं, कारण ते त्याच दिवशी, त्याच दुकानात घडलं. मी गाळलं. मला त्याचा अर्थ लावायचा धीर नव्हता.

झाकण उघडायच्या दिवशी तू विचारलं होतंस, तळाला स्क्रू किती आहेत ते सांग, एकाच मापाचे आहेत का बघ, म्हणजे लावताना घोळ होणार नाही. मला अशा गोष्टी नीट बघायची सवय. मी टंकलं: अकरा आहेत. दहा काळे, प्रत्येकावर जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका. अकरावा पितळी, बुटका, त्यावर ठिपका नाही.

टंकताना मला हसू येत होतं, कारण तो पितळी स्क्रू मी ओळखला होता. जबड्याचे साचे ज्या फ्रेममध्ये बसवतो तिचा आहे. माझ्याच बाकावरून तू कधीतरी उचलला असणार. पण ते लिहिलं असतं तर मी उघडा पडलो असतो, म्हणून लिहिलं नाही. आपण किती हुशारीने लपलो आहोत, असंच वाटत होतं मला.

तू ‘अकरा’ एवढं पुन्हा म्हणालीस. मग म्हणालीस, “अकरावा फार आवळू नकोस. तिथले आटे गेलेत.”

मी ‘बरं’ टंकलं आणि पुढच्या कामाला लागलो.

लॅपटॉप दुकानात नेला तेव्हा बाई झाकण परत लावत होत्या. मी म्हणालो, तो पितळी फार आवळू नका, आटे गेलेत. त्यांनी भिंग लावून बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, “हे बाहेरून दिसत नाही. ज्याने आवळून बिघडवलं त्यालाच माहीत असतं. तुम्हाला कोणी सांगितलं?”

मी म्हणालो, आमच्या कप्तानने.

त्या स्क्रू फिरवता फिरवता म्हणाल्या, “मग लॅपटॉप कप्तानचाच असणार.”

घरी कसा आलो ते आठवत नाही. लॅपटॉप छातीशी धरला होता एवढं आठवतं, पिशवीत असूनसुद्धा.

म्हणजे तुला तेव्हापासून माहीत आहे. नेलपॉलिशचे ठिपके तू दिलेस, पितळी स्क्रू तू बसवलास, आटे तुझ्या हातून गेले. अकरा स्क्रूंचं वर्णन वाचलंस आणि खांब कोण ते तुला कळलं. तू मला काढलं नाहीस. विचारलं नाहीस. तू म्हणालीस, फार आवळू नकोस. तोंडून निसटलं की मुद्दाम माझ्या हातात ठेवलंस, ते मला अजून कळत नाही. मुद्दाम असेल तर मी ते घ्यायला फार दिवस लावले.

मग बाकी सगळं मला उलट्या बाजूने दिसायला लागलं. पंचवीस-पंचवीसने वाढवायला तू परक्या माणसाला शिकवत नव्हतीस. ‘आज दोर वेळेवर होता’ हे तू खांबाला म्हणाली नव्हतीस. आणि विजेचं ते वाक्य. मी गेल्या पत्रात लिहिलं की तुला काही ठाऊक नसताना तू ते बोललीस, म्हणजे लिहिलं नाही, पण तसं भासवलं. तुला सगळं ठाऊक होतं. मी खोटं बोलतो आहे हेही, आणि ते कुणाचं खोटं आहे हेही. तरी तू मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं नाहीस. दुसऱ्यांदा.

आणि तो पाणीवाल्याच्या दाढेचा दिवस. त्याची दाढ काढायची होती, तो घाबरला होता, आणि तू मध्येच म्हणालीस की तुझे बाबा दात करतात, फार छान करतात. लहानपणी लॅबच्या कपाटात ओळीने ठेवलेल्या कवळ्या बघून तुला वाटायचं की सगळ्या शहराचं हसू बाबांकडे सांभाळायला दिलेलं आहे, आणि रात्री बाबा झोपले की ते हसू कोण राखतं, याची तुला काळजी वाटायची. पाणीवाला खूप हसला. मी तेव्हा चष्मा पुसत होतो. मला वाटलं, माघारी माझ्याबद्दल बरं बोलते पोरगी. मी चोरून ऐकलं म्हणून मला आणखीनच मेल्यासारखं झालं होतं.

ते स्क्रूच्या नंतरचं होतं. आज दिवस जुळवून बघितले. ते तू माझ्याशीच बोलत होतीस. दुसरे दोघे नुसते तिथे होते.

मला हे तुझ्याकडून शिकायला हवं. लोकांना ऐकवायला मुलीशी बोलायचं, हे मी केलं. मुलीने लोकांमध्ये बसून फक्त बापाला ऐकू जाईल असं बोलावं, हे तू केलंस.

त्या शिक्षकांची कवळी आज झाली. त्यांच्या जुन्या लग्नाच्या फोटोत पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. मी इतके दिवस तो सरळ करून देत होतो. आज तसाच वाकडा बसवला. आरशात बघून ते म्हणाले, हा मी. पैसे द्यायचे विसरून गेले.

काल सातच्या सरावाला मी आलो तेव्हा तुला पत्रं मिळालेली होती, हे मला सराव संपेपर्यंत माहीत नव्हतं. तू नेहमीसारखीच होतीस. माझ्याशी एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. शेवटी तू सगळ्यांना सांगितलंस, “शनिवारी चौघांचेही माइक चालू हवेत. ज्याचा बंद असेल तो दोर काय, बादलीही धरणार नाही.” शिडीवाला म्हणाला, आणि खांब? त्याचा तर बिघडलाय. तू म्हणालीस, “खांबाला कळलंय मी काय म्हटलं ते.”

मला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर आईने पत्रांचं सांगितल्यावर कळलं.

आज आईने तुझ्या खणातून तुझा जुना हेडफोन काढून दिला. एका कानाचा फोम गेला आहे, पण माइक चालतो. मी आईला स्वयंपाकघरात उभं करून तपासला. ती म्हणाली, ओरडू नका, हळू बोललात तरी पोचतं.

लॅपटॉपचा वेग पुन्हा पहिल्यापासून लावला आहे. पंचवीसच्या पायऱ्यांनी, तू थांबवलं होतंस तिथपर्यंत, पुढे नाही. तापमान ऐंशीच्या आत. चौकोन मोकळा आहे. अकरावा स्क्रू मी स्वतः लावला, बोटांनी, जेवढा जातो तेवढाच.

हे पत्र शनिवारच्या आत पोचणार नाही, टपाल खिडकीवर विचारून घेतलं. म्हणजे यातलं जे सांगायचं आहे ते मला शनिवारी तोंडाने सांगावं लागेल, आणि ते पाणीवाला आणि शिडीवाला ऐकतील. त्यांनी माझा आवाज एकदा ऐकलेला आहे. ते ओळखतील. ओळखू देत. त्यांच्यासमोर तुझी माफी मागितली तर तेही ऐकवण्यासाठीच होईल का, या विचाराने काल मला झोप लागली नाही. म्हणून ठरवलं आहे की शनिवारी मी फार बोलणार नाही. आटे गेलेल्या जागी किती आवळायचं, ते आता थोडं कळायला लागलंय. दोर धरीन. हिसका आला की ओढीन आणि ‘ओढला’ एवढं म्हणेन.

शनिवारी पाचला खेळातली खोली उघडेल. तू नेहमीप्रमाणे हजेरी घेशील, एकेकाला हाक मारून. आधी पाणीवाला, मग शिडीवाला, तिसरा मी. खांब म्हणून हाक मारशील, की बाबा म्हणून, की हाकच मारणार नाहीस, ते मला माहीत नाही. मी साडेचारपासून हेडफोन लावून बसणार आहे. खांब म्हण की बाबा, दोन्ही हाकांना मी ओ देईन. हाकच आली नाही, तर आवाज न करता खोलीतून बाहेर पडेन. पिन मात्र उपटणार नाही.

बाबा